गच्चीवरचे सावधकाका

कोजागरीच्या रात्री गृहनिर्माण संस्थेच्या गच्चीवर शेगडी मांडली गेली, की ज्या सभासदाला बोलावण्याची गरज पडत नाही आणि ज्याच्या जिन्यातील पावलांनी दूध आटवणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, तो पुण्यापासून बोरिवलीपर्यंत सर्वत्र आढळणारा इसम म्हणजे सावधकाका होय. त्यांचा अधिक परिचय देणे हा वाचकाचा अपमान ठरेल.

या काकांच्या हाती साबणाच्या फेसाची वाटी असते. रेग्युलेटर आणि रबरी नळी यांच्या जोडांवर फेस लावावा आणि बुडबुडे फुगू लागल्यास तेथून गॅस गळतो असे समजावे, ही गळती ओळखण्याची सर्वमान्य रीत आहे, आणि काडी ओढून गळती शोधणाऱ्या शूरांच्या मानाने ती शहाणपणाचीही आहे; तक्रार आहे ती तिच्या वारंवारितेबद्दल. दूध तापण्यापूर्वी फेस, केशर पडल्यावर फेस, आणि चंद्र माथ्यावर आला तरी काका नळीशी ओणवेच. एका लग्नात आचाऱ्याच्या १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरला त्यांनी इतका फेस फासला, की वऱ्हाडातील एका मुलाने आता याची दाढी करणार का, असे विचारले. हुरडा पार्टीत तर आगटीच्या, म्हणजे कणसे भाजण्यासाठी गोवऱ्या पेटवलेल्या खड्ड्याच्या, काठावर ते वाटी घेऊन बराच वेळ जोड शोधत उभे होते.

ज्ञान मात्र पक्के आहे, हे विरोधकांनाही नाइलाजाने मान्य करावे लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे वर न उडता कठड्याच्या आत आणि जिन्याच्या खोलगट भागात साचतो. त्याला स्वतःचा वास जवळपास नसल्याने गळती कळावी म्हणून मरकॅप्टन हे उग्र रसायन मिसळलेले असते. सिलिंडर आडवा केल्यास वायूऐवजी द्रवच नळीत उतरू शकतो. सिलिंडरच्या गळ्याजवळच्या पट्टीवरील खूण, उदाहरणार्थ ‘डी २७’, म्हणजे २०२७ सालच्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत पुढील चाचणी आवश्यक, ही ते पंचांगासारखी मोठ्याने वाचून दाखवतात, तेव्हा दुधावर साय धरते आणि श्रोते पेंगतात.

एका वर्षी अवेळी सर आली आणि पनीर भाजणाऱ्या तरुणांनी कोळशाची शेगडी धुमसत्या निखाऱ्यांसह जिन्याच्या माथ्यावरील खोलीत नेऊन दार लावून घेतले. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो आणि बुडबुडेही नसतात. ‘डोकं जड झालंय’ हे वाक्य दोघांच्या तोंडून एकापाठोपाठ आले, तेव्हा काकांनी हातातली वाटी टाकून दार सताड उघडले आणि शिव्या खात सर्वांना पावसात हाकलले. आभार कोणी मानले नाहीत. सांडलेल्या फेसावरून घसरलेल्या खजिनदारांनी मात्र लेखी तक्रार केली, आणि पुढच्या वार्षिक सभेत मुदत संपलेले अग्निशामक उपकरण भरून घेण्याचा काकांचा ठराव निधीअभावी बारगळून रोषणाईचा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाला.

अलीकडे गुडघ्यांनी असहकार पुकारल्याने आणि लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जात असल्याने काका गच्चीवर येत नाहीत. गेल्या कोजागरीला त्यांनी फोन करून फेस लावला का, असे विचारले; ‘लावला, काका,’ असे बेधडक सांगण्यात आले. ‘बुडबुडे?’ ‘नाही.’ ‘मग पातळ झाला असेल,’ असे म्हणून त्यांनी नातवाच्या हाती वाटी वर धाडली, आणि ती परत पाठवण्याचा धीर न झाल्याने मंडळींनी कुरकुरत का होईना, जोडांना फेस लावला. टॉर्च खजिनदारांनी धरला होता.