लिंबू चिरडलं, तरी गाडी अडलीच!

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनींची नवी कोरी गाडी आज पुन्हा टोइंग व्हॅनवर चढली! आठ महिन्यांत सहावी खेप हो. दसऱ्याला काय थाटात आणली होती, बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू... आणि तिसरा गिअर पडेल तर शपथ!

मी काही बोलत नाही बाई. पण भाऊजींनी शोरूममध्ये जाऊन एवढा आरडाओरडा केला, हाती काय लागलं? चहा. वर "सर, सॉफ्टवेअर अपडेट केलंय." ती गप्पगप्प दिसते ना, त्यांची सून, तिने मात्र...

हां, तर काय सांगत होते, जॉब कार्ड! दर खेपेला तिथला पोरगा लिहायचा 'जनरल चेकअप'. ही म्हणाली, "गिअर अडकतो असं लिहा, मगच सही करते." पोराचं तोंड एवढंसं झालं म्हणे! सगळी कार्डं फायलीत. मग १९१५ला फोन, मग नोटीस, आणि आता थेट जिल्हा ग्राहक आयोग. राहतो तिथेच तक्रार करता येते हो, कंपनी का असेना कुठलीही. फक्त दोन वर्षं उलटून जायला नकोत. आणि फी किती, सांगा बरं? अकरा लाखांच्या गाडीला चारशे रुपये! माझं फेशियल महाग पडतं.

वहिनींचा भाचा न्यू जर्सीहून म्हणाला, "आमच्याकडे अशा गाडीला लेमनच म्हणतात, लेमन लॉ आहे त्याच्यासाठी." वहिनी अशा चरकल्या! त्यांना वाटलं, चाकाखालचं लिंबूच बाधलं... आपल्याकडे कुठला वेगळा कायदा, सगळं त्या २०१९च्या ग्राहक कायद्यावरच.

भाऊजी मात्र हटून बसलेत, नवीच गाडी हवी. वकिलांनी सांगितलं, सुप्रीम कोर्टाने २००६ सालीच म्हटलंय, वॉरंटीत बिघडलेला पार्ट बदलून मिळतो, अख्खी गाडी नाही. दोष कारखान्यातूनच आलाय हे सिद्ध करायला आयोग गाडी तपासणीला पाठवेल, तेव्हा बघू. भाऊजींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

आणि काल कंपनीचाच फोन! "मॅडम, नवा गिअरबॉक्स बसवतो, मिटवून टाका." सून म्हणाली, "लेखी द्या." पलीकडे एकदम...

अगंबाई, वहिनी फाटकाशी! हं, तर काय म्हणत होते, तुमची जाई यंदा काय फुललीय हो!