चिंतन जूनचे, गळती दिवाळीनंतरची

जून उजाडला की शिक्षणाधिकाऱ्यांना चिंतन सुचते. गुलाबपुष्प, प्रभातफेरी, मोफत पुस्तके, गोड खाऊ: शाळा प्रवेशोत्सवाची यादी जिल्हाभर एकच, पूर्णा तालुक्यातल्या चुडाव्यालाही तीच. एकही मूल शाळेबाहेर राहू नये, हा चिंतनाचा सारांश. मात्र मराठवाड्यातली मुले शाळेबाहेर पडतात ती दसरा-दिवाळीनंतर, आईबापांबरोबर ऊसतोडीला जाताना. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवणाऱ्या संचमान्यतेसाठी पट धरला जातो ३० सप्टेंबरचा. साखर कारखान्यांची धुराडी पेटण्याआधीच मोजणी आटोपते, ही सोय वाखाणण्यासारखी आहे. निरोपोत्सवाचे परिपत्रक अजून कोणी काढलेले नाही.

कोणी म्हणेल, पहिलीतल्या पोराचे स्वागत केले तर बिघडले काय? काहीच नाही, फूल जरूर द्यावे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: शिक्षकभरती मंत्रालयाच्या हाती, जिल्ह्याचा अधिकारी काय करणार? खरे आहे. पण २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामे देऊ देते. उत्सवाचे फोटो आणि अहवाल तातडीने पाठवण्याचे फर्मान त्यात बसत नाही, आणि ते मंत्रालयातूनच यावे लागते असेही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांचे प्रस्ताव सप्टेंबरातच हलवणेही जिल्ह्याला जमण्यासारखे आहे. म्हणून साहेबांना विनंती एवढीच: पुढचे चिंतन डिसेंबरात लिहावे आणि सोबत त्या दिवसाची हजेरी जोडावी.