काय दिवे लावलेत!

संपतअण्णांची गाडी चालू असते तेव्हा अण्णा गाडीत असतीलच असं नाही. बॉनेटपासून पाच पावलं लांब, कमरेवर हात, मान जरा तिरकी, असे ते उभे असतात. आत काकी घामाघूम. "अवो, निघायचं हाय का न्हाय?" "थांब गं, बघू दे जरा." बघायचं काय, तर हेडलाईटच्या कोपऱ्यातला बोटाच्या पेराएवढा बल्ब. समोरून येणाऱ्याला आपण कसे दिसू, हे अण्णा रोज एकदा स्वतः समोर जाऊन तपासतात.

साताऱ्यात पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर झाला तेव्हा वाहतूक सुटली म्हणून गावाला आनंद झाला. अण्णांना दिवसाढवळ्या लाईट लावायला हक्काचं भुयार मिळालं म्हणून झाला. राजवाड्याकडं जायचं असो-नसो, एक चक्कर भुयारातून होतेच.

अण्णा काही एकटे नाहीत. साताऱ्यात, कराडात, आष्ट्यात, सांगलीच्या विश्रामबागेत, कुठंही जा, असा एक गृहस्थ सापडतोच. वय पन्नाशीपुढं, सोसायटीचं कर्ज फिटलेलं, पोरगं हिंजवडीत, गाडी सात-आठ वर्षांची. नवी घ्यायला घरातून मंजुरी नाही आणि जुनीला जुनी म्हणवून घ्यायची तयारी नाही. या कोंडीतून वाट काढायला दोन-तीनशे रुपयांत एलईडीची जोडी मिळते. पूर्वी या भागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं लाल दिवा असायचा. कृष्णाकाठानं राज्याला यशवंतराव दिले, वसंतदादा दिले, त्यामुळं ग्रामपंचायतीला चार मतं जास्त पडलेल्यालाही आपल्या टपावर काहीतरी फिरताना दिसायचं. १ मे २०१७ पासून तो दिवा मंत्र्यांच्याही गाडीवरून गेला. ती हौस टपावरून उतरली आणि हेडलाईटमध्ये जाऊन बसली, असं माझं मत आहे. इतिहासकारांनी तपासावं.

कंपनीनं हेडलाईटच्या त्या कोपऱ्यात पार्किंग लाईट म्हणून पाच वॅटचा साधा कॅपलेस बल्ब दिलेला असतो, पिवळा, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. रस्ता दाखवणं हे त्याचं कामच नव्हे. हेडलाईट असतो आपल्याला दिसावं म्हणून, पार्किंग लाईट असतो आपण दिसावं म्हणून. हा फरक जिल्ह्यात कुणाला नीट उमगला असेल तर तो अण्णांना. रस्ता दिसण्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही. हेडलाईटची काच उन्हानं पिवळट पडलीय, ती घासून घेतली तर रात्री उजेड बराच वाढेल, हे त्यांना तीन मेकॅनिकांनी सांगून झालंय. "त्यात काय मजा?" असं अण्णांचं उत्तर. हेडलाईटमध्येही एलईडी घालून समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्यांबद्दल मात्र त्यांना खरी घृणा आहे. तो बल्ब फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेल्या वाटीत बसतो, जागा जराशी चुकली तरी उजेड रस्त्यावर पडायचा सोडून वर उधळतो, हे ते चारचौघांत अधिकारानं समजावतात. "आपलं तसं नसतंय. आपण फकस्त शो."

बल्ब बसवण्याचा सोहळा मी पाहिलाय. ॲक्सेसरीजच्या दुकानातला बारका पोऱ्या बॉनेटमध्ये कोपरापर्यंत हात घालून, वर आभाळाकडं बघत, चाचपडत होल्डर फिरवतो. डॉक्टरनं नाडी बघावी तसे अण्णा शेजारी श्वास रोखून. स्विच टाकला. उजवा लागला, डावा नाही. अण्णांचा चेहरा उतरला. पोऱ्यानं डावा उपसला, अर्धा फिरवून परत खुपसला, लागला. साधा बल्ब कसाही खुपसा, पेटतो. एलईडीला प्लस-मायनस बघून घ्यावं लागतं, व्याह्यासारखं. मग अण्णांच्या लक्षात आलं की उजवा पांढराफेक आहे आणि डावा निळसर.

"अण्णा, दोन्ही एकदम कोण बघतंय? माणूस एका बाजूनंच जातंय की."

अण्णांना ते पटलं. पैसे दिले.

खरा घोळ पुढं होतो. साध्या बल्बची कड होल्डरमध्ये घट्ट बसते. या स्वस्तातल्या बल्बाची पट्टी पातळ. अण्णा लेकीला भेटायला सांगलीला निघाले, पेठ नाक्यापर्यंत महामार्गानं सगळं आलबेल. पेठ-सांगली रस्त्याच्या तेव्हाच्या खड्ड्यांची ख्याती मी वेगळी सांगायला नको. आष्ट्याच्या अलीकडं डाव्या हेडलाईटमधून खुळखुळ ऐकू यायला लागली. बल्ब होल्डरमधून निसटून हेडलाईटच्या पोटात पडला होता. तो काढायचा तर अख्खं हेडलाईट उतरवायचं, त्यासाठी बंपर सैल करायचा, त्यासाठी दिवस मोडायचा. अण्णांनी तो मोडला नाही. पुढचे कित्येक महिने गाडी खड्ड्यातून गेली की खुळखुळायची आणि काकी म्हणायच्या, "नातवासाठी घेतलाय जणू."

आणि त्याच रस्त्यावर, उसाच्या हंगामात, पुढं चाललेल्या ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांना मागं एक दिवा नव्हता, रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नव्हती. गाणं मात्र कारखान्यापर्यंत ऐकू जावं असं. अण्णांनी कचकन ब्रेक दाबला. "बघ, ह्यांस्नी लाईटची किंमतच न्हाय," असं ते काकींना म्हणाले, डाव्या बाजूनं खुळखुळत.

सांगलीत व्याही दारातच उभे. बाळासाहेब. त्यांची गाडी नवी, मोठी, आणि त्यांनाही हाच नाद. दोन व्याह्यांत मानपानावरून लग्नातही एवढी चुरस झाली नव्हती.

"या पाव्हणं, या. डावा डोळा मिटलासा व्हय?"

"वाटंत गेला. तुमच्या रस्त्याची किरपा."

"आमच्या बघा," म्हणून बाळासाहेबांनी खिशातल्या खिशात किल्लीचं बटण दाबलं.

खरंच झगमगाट होता. पण त्या मोठ्या गाडीत जो कॉम्प्युटर असतो, त्याला एलईडीचं कौतुक नाही. तो वायरीतून किती करंट जातोय ते बघतो. पाच वॅटच्या जागी जेमतेम एक वॅट खाणारं काही बसलं की त्याला वाटतं बल्ब उडाला, आणि मीटरवर इशारा पेटतो. त्यावर वायरमननं तोड काढली: बल्बला समांतर एक रेझिस्टर. म्हणजे एलईडीनं जे चार वॅट वाचवले ते जाळून टाकायला एक स्वतंत्र पार्ट विकत घ्यायचा. वर तो एवढा तापतो की प्लास्टिकला टेकला तर डाग पडतो. इंडिकेटरला तर याहून दांडगा लागतो, नाहीतर तो दुप्पट वेगानं टकटकतो आणि वळणाऱ्या माणसाला उगाच घाई झाल्यासारखं दिसतं. बाळासाहेबांनी तोही बसवला होता.

एवढं करूनही गाडी लॉक केल्यावर दोन्ही दिवे मंद तेवतच राहायचे. कॉम्प्युटर अधूनमधून बल्ब जागेवर आहे का ते चाचपायला बारीक करंट सोडतो. साध्या बल्बला तो कळतही नाही, एलईडीला पुरतो. रात्री अकराला शेजाऱ्याचा फोन ठरलेला. "बाळासाहेब, लाईट चालू ऱ्हायलीया." पहिल्या वेळी ते लुंगीवर धावले. नंतर त्यांनी शेजाऱ्याला सांगून टाकलं की हे फीचर आहे. शोरूममध्ये सर्व्हिसिंगला गाडी गेली, कापलेल्या वायरी आणि काळी टेप दिसली, आणि वायरिंगची वॉरंटी तिथंच संपली. हे फीचर आहे असं तिथंही सांगून पाहिलं.

जेवताना जावयानं कायदा काढला. तो वकील. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं मालकानं परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार दंडाची तरतूद आली, असं त्यानं सांगितलं. कैदही सहा महिन्यांपर्यंत. ती तरतूद बल्बापर्यंत पोचते का, यात अण्णांना रस नव्हता. त्यांना हिशेब अडला. जोडी एक फेरफार धरायची का दोन?

"जोडी एकच धरत्यात," बाळासाहेब म्हणाले. "इंडिकेटर वायला."

"मग तुमचं धा हजार झालं की, पाव्हणं."

बाळासाहेबांच्या चेहऱ्यावर अभिमान लपला नाही. अण्णांना राहवेना. त्यांनी १९४९ काढलं. आमच्या साताऱ्यातनंच तुमचा दक्षिण सातारा वेगळा काढला, सांगली हे नाव जिल्ह्याला १९६० मध्ये मिळालं, तवा जास्त उजेड पाडू नका. व्याह्यांनी आमटी वाढता वाढता उत्तर दिलं, "वायलं निघाल्यावरच धाकट्याची भरभराट हुती, पाव्हणं. घ्या, आजून घ्या."

आषाढातली दिव्याची आवस अण्णांच्या घरी निराळी होते. काकी समया, निरांजनं घासून पाटावर मांडतात, कणकेचे दिवे उकडतात. अण्णा गाडी अंगणात आणून, बॉनेट उघडून उभे. हळदकुंकू हेडलाईटलाही. यंदा पूजेच्या वेळीच उजव्या बल्बातल्या पाच टिकल्यांपैकी दोन गेल्या, उरलेल्या फडफडायला लागल्या. स्वस्तातल्या एलईडीला हेडलाईटमागची धग सोसत नाही. काकींनी पाटावरच्या समईकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि आयुष्यभराचा संसार एका वाक्यात सांगितला, "काय दिवे लावलेत!"

शेवटी पोरानं हट्टानं नवी गाडी घेऊन दिली. तिला कंपनीचेच एलईडी. बल्ब नाही, होल्डर नाही, हात घालायला जागा नाही, सगळं सीलबंद. गेलं तर अख्खं हेडलाईट बदलायचं. दोन्ही बाजूंना एकसारखा पांढरा उजेड, फडफड नाही, खुळखुळ नाही. अण्णा आठवडाभर गाडीपुढं जाऊन उभे राहिले नाहीत. काकी वेळेवर सगळीकडं पोचायला लागल्या. मला मात्र काळजी वाटली. माणूस जेवत होता, पण बोलत नव्हता.

परवा ते दुकानात दिसले. बाहेर गाडी, तिच्या बंपरात खाली फॉग लॅम्प, तेवढेच काय ते उघडता येतात.

"पोरा," अण्णा काउंटरवर ओणवून हळू आवाजात म्हणाले, "आता समद्यांच्याच गाडीला पांढरं आलंय. ते जुन्या गाड्यांला असायचं तसलं पिवळं काय मिळंल का?"

पोऱ्यानं फळीवरून डबी काढली. "हाय की. गोल्डन. एलईडीच हाय, पर दिसतंय जुन्यावाणी. आठशे."

अण्णांनी डबी उजेडात धरून, फिरवून, नीट बघितली.

"आठशे एकाचं का जोडीचं?"