गुरुजी, लिंक भरली का?

जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल झाल्या नाहीत असं ज्याला वाटतं, त्याने कुठल्याही गुरुजींचा मोबाइल दहा मिनिटं हातात धरून बघावा. हाताला मुंग्या येतील. फोन व्हायब्रेटवर असतो.

परिपाठ संपायच्या आत केंद्राच्या ग्रुपवर लिंक पडते. खाली ‘अति तात्काळ’. नुसतं ‘तात्काळ’ आता कुणी मनावर घेत नाही. मग पोरं बेचा पाढा म्हणतात आणि गुरुजी ओटीपी. हजेरी एका ॲपवर, खिचडी किती जणांनी खाल्ली ते दुसऱ्यावर, पट ‘सरल’ पोर्टलवर, तोच पट पुन्हा ‘यू-डायस’ पोर्टलवर, शिवाय प्रत्येक पोराचा ‘अपार’ क्रमांक आहेच. आधारवर गणेश आणि दाखल्यावर गणेशा असेल, तर तो पोरगा समोर नाक पुसत उभा असला तरी अस्तित्वात नसतो.

या कामी सरकारची कल्पनाशक्ती जुनीच. २०१६च्या नोव्हेंबरात फर्मान निघालं होतं, की जानेवारीपासून दर सोमवारी शिक्षकांनी दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून तो अपलोड करावा. त्यातून शाळागळती थांबणार होती. जो पोरगा शाळेत आलाच नाही तो सेल्फीत कसा येणार, एवढाच बारीकसा प्रश्न उरला होता. शिक्षक ओरडले आणि ते प्रकरण बारगळलं. मुलांनी मात्र केस विंचरून ठेवले होते.

तंत्रज्ञानाचा यात दोष नाही, हेही सांगितलं पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले. २०२०चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा. बालभारतीच्या पुस्तकांतही ते चौकोन आले. कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ ॲपवर धडा जिवंत होतो. फक्त पुस्तक पोराच्या दप्तरात असतं, फोन बापाच्या खिशात, आणि बाप असतो साखर कारखान्याच्या ऊसतोडीवर. तीच गत गावोगावच्या शाळेतल्या टीव्हीची. तो लोकवर्गणीतून आलेला. गावाने हौसेने दिला. पण दर महिन्याचं वीजबिल कुणी भरायचं हे उद्घाटनाच्या भाषणात राहून गेलं. मीटर कापून नेला की टीव्हीवर रुमाल पडतो. अहवालात शाळा ‘डिजिटल’च राहते, कारण त्या रकान्यात ‘वीज नाही’ असा पर्याय नसतो.

हुशार शिक्षकाच्या हाती पडदा आला की डोंगरातल्या पोरांना समुद्रातला देवमासा दिसतो. पण पडदा लावायला सवड हवी, आणि सवड तर लिंकने खाल्ली. मुलं शिकली का, हे आजवर एकाही लिंकने विचारलेलं ऐकिवात नाही. ‘माहिती भरली का’ हे मात्र सगळ्या विचारतात.

तेव्हा मायबाप शिक्षण खात्याला हात जोडून विनंती: शाळेच्या वेळात रोज निदान दोन तास एकही लिंक पाठवू नका, गुरुजींना शिकवू द्या. शिकवलं याचा पुरावा हवाच असेल, तर संध्याकाळी त्याचीही लिंक पाठवा. भरतील बिचारे.