ओळखलंत का?

माझी स्मरणशक्ती उत्तम आहे, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की कोणाकोणाला सांगून झालं ते आता लक्षात राहत नाही. १९८३च्या फायनलमध्ये आपल्या किती धावा झाल्या, झोपेतून उठवून विचारा. १८३. सकाळची रक्तदाबाची गोळी घेतली की नाही, तेवढं मात्र बायकोला विचारावं लागतं. पण मी विसरलो तर ते चिंतन असतं. ती गॅस बंद करायला विसरली तर हलगर्जीपणा. आणि दुसरा कोणी माझं नाव विसरला, तर तो सरळ अपमान. एका लग्नात माझे लेख आवडीने वाचणाऱ्या गृहस्थांनी, "हेच ते कुलकर्णी!" अशी माझी ओळख करून दिली. मी कुलकर्णी नाही. त्या दिवशी मला जिलबी गोड लागली नाही.

वास्तविक त्यांचा काही दोष नव्हता. १९८७ साली इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय की अनोळखी चेहऱ्याचा धंदा लक्षात राहतो, पण तोच शब्द आडनाव म्हणून सांगितला की निसटतो. सुतारकाम करणारा म्हटलं की रंधा, भुसा, कानामागची पेन्सिल असं सगळं डोळ्यांपुढे येतं. आडनाव सुतार असलेला माणूस मात्र बँकेत असतो.

या विषयातला माझा लाडका माणूस म्हणजे हेर्मान एबिंगहाऊस. १८८५ साली या जर्मन गृहस्थाने विस्मरणावर पुस्तक काढलं, तेही स्वतःवर प्रयोग करून. परीक्षक तोच, विद्यार्थी तोच. कॉपीची एवढी सोय असून केली नाही! अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने सुमारे २३०० निरर्थक अक्षरजोड्या तयार केल्या, आपल्याकडे 'डक, फिम, झोट' म्हणावं तशा, आणि ठेक्यावर, कुठेही हेल न काढता तो त्या घोकत बसला. शेजारी काय म्हणत असतील! मग ठरावीक वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायची आणि किती मेहनत वाचली ते मोजायचं. तासाभरात निम्म्याहून अधिक कमाई बुडालेली असे. गंमत म्हणजे महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक. शिवाय एका बैठकीत रेटण्यापेक्षा रोज थोडं थोडं घोकलेलं पक्कं बसतं, हेही त्याने आकडे मांडून दाखवलं. आमच्या आजीला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग परवचा कशाला म्हणायची असते?"

दिवेलागणीला परवचा म्हणत वाढलेले आमचे अण्णा पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, थेट औटकीपर्यंत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यापर्यंत पोचलेले. १९५७ साली नवे पैसे आले आणि आणे-पैच्या हिशोबाबरोबर या पाढ्यांचीही बाजारातली पत गेली. अण्णांकडची गेली नाही. आता त्यांना दुपारी जेवलो का ते आठवत नाही, कधीकधी माझं नावही. पण औटकी खणखणीत.

आणि तरीही घरी येणारा प्रत्येक जण बूट काढायच्या आत विचारतो, "अण्णा, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" मला याची मनस्वी चीड येते. गुडघे गेलेल्या माणसाला कोणी उड्या मारून दाखवायला सांगत नाही. अण्णा केविलवाणं हसतात, धोतराचा सोगा चाचपतात, एखादं नाव हळूच पुढे करून बघतात. ते चुकलं की पाहुणे खो-खो हसतात. "अण्णा, मी अमका" असं सांगून बसायला काय जातं यांचं?

मागे एक दूरचे भाचेजावई आले. तोच प्रश्न. अण्णांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सांगतो. आधी तुम्ही सांगा, तेरा औट किती?"

जावईबापूंनी खिशातून मोबाईल काढला. मीही पाठीमागे हात नेऊन बोटं मोजायला लागलो.

"बघून नाही," अण्णा म्हणाले, "तोंडी."