पुरणाच्या पातेल्यात चिलखत

अहो, ऐकलंत का? तो पाण्याचा होस ठेवा जरा बाजूला, टोमॅटो कुठे पळून जात नाहीत. या इकडे कुंपणाशी. आणि हळू बोला, वहिनींची किचनची खिडकी उघडी आहे.

जावई पास झाला! कुणाचा काय विचारता, कोपऱ्यावरच्या वहिनींचाच. ईमेल आली म्हणे. आता त्याला फौजेचा नंबर मिळाला, पुढे 'टीके' लावून. टीके म्हणजे स्टॉर्मट्रूपर हो, स्टार वॉर्समधले ते पांढरे शिपाई, ज्यांचा मेला एक नेम लागत नाही ते. तसलं चिलखत घरी करून घालणाऱ्या हौशी लोकांची फौज आहे ही. तुमच्या नातवाच्या टी-शर्टवर आहेत की! वर्षभर त्या गॅरेजमध्ये खुडबुड चालली होती. वहिनींची गाडी अख्खा हिवाळा बाहेर ड्राइव्हवेत, बर्फात. पण बोलणार कसं? जावई पडला. लेकीला दोन शब्द ऐकवता येतात, जावयाला 'चहा घेणार का' एवढंच विचारायचं.

तो खोका आला तेव्हा मी तिथेच होते ना. हा मोठा, तपकिरी. त्या लोकांत त्याला 'बिग ब्राउन बॉक्स' म्हणतात आणि तो आला की बारसं असल्यासारखे फोटो पाठवतात एकमेकांना. वहिनींनी हौसेने उघडला. आत काय, तर नुसते पांढरेशुभ्र प्लॅस्टिकचे तुकडे. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाथरूम नवं करतायत वाटतं, कमोडचं सामान आलंय." तेवढ्यात जावई आला. त्याने तो छातीचा तुकडा उचलून असा हृदयाशी धरला... वहिनींचा चेहरा तुम्ही बघायला हवा होतात. आणि किंमत हजार डॉलरच्या घरात हं. ती लेकीने मला सांगितली, वहिनींना अजून माहीत नाही. तुम्ही बोलू नका.

तर काय सांगत होते, तयार मिळत नाही हो ते चिलखत. सिनेमासाठी केलं तसंच करतात, प्लॅस्टिकचा पत्रा तापवायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, की बसला साच्यावर चिकटून. एबीएस म्हणतात त्या प्लॅस्टिकला. घरी येतात ते हे तुकडे, कडा तशाच ओबडधोबड. कापायचे, घासायचे, दोन अर्धुकं जोडून पोटरी करायची, मांडी करायची, दंड करायचे. आणि प्रत्येकाच्या मापाचं वेगळं. आपला जावई तसा अंगाने भरलेला, गेल्या धोंड्याच्या महिन्यात तेहतीस अनारसे एकट्याने संपवले होते त्याने. पोटरीचा तुकडा काही केल्या मिटेना. मग कुणीतरी त्याला सांगितलं, उकळत्या पाण्यात धर, मऊ पडेल, मग हवा तसा वाकव.

आता उकळतं पाणी कशात करायचं?

अहो, पुरणाच्या पातेल्यात! वहिनींनी पुण्याहून विमानात मांडीवर घेऊन आणलेलं ते पातेलं. वहिनी देवळातून परत आल्या तर गॅसवर पातेलं रटरटतंय, आणि जावई सांडशीत धरून पांढरा पाय बुडवतोय. शब्द फुटला नाही त्यांच्या तोंडून. पर्स तशीच खांद्याला. जावई म्हणतो, "आई, दोन मिनिटं हं, झालंच." झालंच! त्या होळीला पुरण कुकरात शिजलं त्यांच्याकडे. मला वाटीभर आणून दिलं तेव्हा म्हणाल्या, "चव लागली नाही यंदा." मी काय बोलणार, बरी होती चव.

आणि मॅग्नेटचं ऐकलं नसेल तुम्ही. तो गोंद असतो ना त्यांचा, ई-सिक्स थाउजंड, वास असा की गॅरेजचं दार उघडं टाकायचं थंडीत. तो सावकाश धरतो, पक्का व्हायला दोन-तीन दिवस जातात. तोवर तुकडे दाबून ठेवायचे, चिमट्यांनी नाहीतर लोहचुंबकांनी. एक दिवस वहिनींच्या फ्रिजवरचे अष्टविनायक गायब. शोधाशोध. सापडले कुठे? मोरगाव मांडीवर, लेण्याद्री पोटरीवर, आणि ओझर... जाऊ दे, कुठे होतं ते मी सांगत नाही. वहिनी गॅरेजच्या दारात कानाला हात लावून उभ्या. त्यातून एवढंसं मॅग्नेट ते काय दाबणार? नंतर त्याने ते चांगले जाडजूड मागवले. ते एकमेकांना चिकटले की बोट चेमटतं. त्याचं चेमटलं. वहिनी म्हणाल्या, "बघा, लगेच मिळालं."

बरं, ही फौज काही आजची नाही. तो ऑल्बिन जॉन्सन नाही का, साउथ कॅरोलायनातला? त्याने १९९७ साली सुरू केली. बिचाऱ्याचा पाय गेलेला हो, मोटारीच्या अपघातात. पुढे कापावाच लागला. त्याने हौसेने हे चिलखत केलं आणि थिएटरात घालून गेला. एकटा. लोकांनी टिंगल केली. करणारच, आपल्याकडे नसती केली का? मग त्याच्या मित्राने, त्या टॉम क्रूजने... तो हिरो नव्हे हो, हा क्र्यूज, वेगळं स्पेलिंग, त्याने पण एक चिलखत केलं. दोघं जोडीने गेले, आणि काय सांगू, तेच लोक आता फोटो काढायला धावले! एक असला की येडा आणि दोन झाले की फौज. ऑल्बिनच्या डोक्यात तिथेच आलं, की दोघांवर एवढं, तर शंभर असले तर? आणि त्या पांढऱ्या पायाच्या आत खरा पाय आहे की खोटा, कोण बघतंय? फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजन नाव दिलं. आता देशोदेशी हजारो आहेत. ब्रीद काय, तर आम्ही वाईट माणसं, पण कामं चांगली करतो. पैसे घेत नाहीत. कार्यक्रमाला बोलावणाऱ्याला सांगतात, अमक्या दवाखान्याला द्या, तमक्या मुलांच्या संस्थेला द्या. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे खर्च पण यांचा आणि घाम पण यांचा?" लेक म्हणाली, "आई, तू भिशीच्या बायकांना दर महिन्याला जेवायला घालतेस त्याचं काय?" गप्प बसल्या.

त्या ऑल्बिनच्या मुलीचं मात्र... केटी तिचं नाव. मेंदूत ट्यूमर निघाला. तिला म्हणे आर-टू-डी-टूसारखा रोबो हवा होता, रात्री उशाशी राखण करायला. ते रोबो बांधणाऱ्यांचं वेगळं मंडळ आहे, त्यांनी गुलाबी करायचा घेतला तिच्यासाठी. पण वेळ कुठे होता? मग कुणीतरी आपलाच तयार रोबो गुलाबी करून आणून दिला, जुलै २००५ मध्ये. ऑगस्टमध्ये गेली पोर. सात वर्षांची. तिच्या नावाचा तो आर-टू-के-टी पुढे पुरा झाला, दवाखान्यांतून हिंडतो, आणि २०१५ च्या स्टार वॉर्स पिक्चरमध्ये पण आहे म्हणे, कोपऱ्यात कुठेतरी, नीट बघितलं तर दिसतो. हे जावयाने सांगितलं त्या दिवशी वहिनी भाजी निवडत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पातेलं त्यांनीच काढून दिलं, दुसऱ्या पोटरीसाठी. मी बघितलं ना, इथूनच.

काय सांगत होते मी? हां, पास होण्याचं! अहो, ती परीक्षा म्हणजे आपल्या वेळच्या मॅट्रिकपेक्षा अवघड. पुढून, मागून, बाजूने फोटो पाठवायचे. तिथे एक अधिकारी असतो, तो मोठे करकरून बघतो. पहिल्यांदा परत आला याचा अर्ज. दंड आणि खांदा यांच्यात फट जास्त आहे म्हणून. आता फट कुणाला नसते? बेसिक पास झालं की वर अजून दोन पायऱ्या, शेवटची सेंच्युरियन. तिथे पायाच्या पुढची पट्टी २० मिलिमीटर, मागची २५. मोजून! आमच्या इथला बिल्डर भिंत एवढी मोजत नाही.

आणि एवढं मोजतात कशाचं, तर १९७६ साली सिनेमासाठी घाईघाईत केलेल्या वस्तूचं. पाठीला ते बॉम्ब म्हणून जे लटकवतात ना, ते ही मंडळी करतात करड्या प्लंबिंगच्या पाइपाचं. होम डेपोत मिळतो. बंदूक म्हणजे ब्रिटिशांची जुनी स्टर्लिंग, वर काहीबाही चिकटवलेली. आणि हेल्मेटच्या गालावरच्या निळ्या रेघा मूळच्या हाताने काढलेल्या, म्हणून यांनी पण हातानेच काढायच्या. रंग ठरलेला, हम्ब्रोलचा फ्रेंच ब्लू. जावयाचा हात थरथरला, दोनदा पुसलं. तेव्हा वहिनी पुढे झाल्या. रांगोळीचा हात हो त्यांचा! ब्रश घेतला आणि सटासट अशा रेघा ओढल्या, एकीला एक समांतर. मान वर करून बघतायत कौतुकासाठी. तर जावई घुटमळत म्हणतो, "आई... थोड्या वाकड्या हव्यात. सिनेमात वाकड्या आहेत."

चेहरा असा पडला! चाळीस वर्षं हळदीकुंकवाला दारात रांगोळ्या काढल्या बाईंनी, वाकडी काढ असं कुणी म्हणालं नव्हतं. पण काढल्या बरं का, पुसून पुन्हा वाकड्या काढल्या. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मुद्दाम वाकड्या आहेत."

त्या हेल्मेटवरून कोर्टकचेरी झालेली तुम्हाला माहीतच आहे. तो लंडनकडचा एन्सवर्थ, ज्याने मूळची हेल्मेटं करून दिली होती, त्याने तोच माल पुन्हा विकायला काढला. स्टार वॉर्सवाल्या लुकासच्या कंपनीने खेचला कोर्टात. इथे अमेरिकेत त्याच्यावर दोन कोटी डॉलरचा निकाल लागला, पण तिकडे सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ मध्ये त्यांनी सांगितलं, हे शिल्प नाही, सिनेमाचं सामान आहे. म्हणजे शिल्पाला मिळतो तसला वर्षानुवर्षांचा कॉपीराइट याला नाही. लुकासवाल्यांची तोंडं बघायला हवी होती. आपल्या या फौजेला मात्र ते काही म्हणत नाहीत, कारण हे विकून पैसे करत नाहीत. उलट २००७ च्या एक जानेवारीला पासाडिनाच्या रोझ परेडमध्ये लुकास पुढे मोटारीत आणि मागे दोनशेक शिपाई, देशोदेशीचे. साडेपाच मैल चालले त्या प्लॅस्टिकमध्ये!

अजून मजा. २०१९ च्या त्या 'मँडलोरियन' मालिकेत शेवटाला खूप स्टॉर्मट्रूपर हवे होते, आणि स्टुडिओकडे चिलखतंच कमी! कुणाला फोन केला? ह्यांना. आपापली चिलखतं घेऊन या म्हणाले. हौशी माणसांनी गॅरेजात केलेली टीव्हीवर झळकली. हे ऐकल्यापासून वहिनी जावयाला दोन वेळा विचारून झाल्या, "तुला फोन आला होता का रे?" अहो, तेव्हा याच्याकडे चिलखत होतं कुठे!

घालून चालणं पण काय सोपं आहे? खाली बसता येत नाही. मांडीची कड पोटरीला चिमटे काढते. आतून काळा अंगरखा, घामाने चिंब. हेल्मेटमधून पायाखालचं दिसत नाही, कान बंद, काच धुरकटते म्हणून आत छोटे पंखे बसवतात. पहिल्या पिक्चरमध्ये एका शिपायाचं डोकं दाराला आपटतं ना, ती चूक तशीच राहिली, आणि २००४ च्या डीव्हीडीत तर मुद्दाम 'ठक्' असा आवाज घातला. ते काय उगाच आपटलं? आणि अहो, जरा जवळ या... एक नंबरला लागली तर? सगळं सोडायचं, मग पुन्हा सगळं चढवायचं, अर्धा तास. म्हणून सकाळपासून पाणी बेतानेच पितात.

म्हणून बरोबर एक माणूस लागतो साध्या कपड्यातला. हँडलर म्हणतात. पायरी आली, पोर पायात आलं, सगळं तो सांगतो. लायब्ररीत पोरांचा कार्यक्रम होता तेव्हा लेकीला मीटिंग, मग गेल्या कोण? वहिनी! काठापदराची साडी, वर जॅकेट, आणि "बाजूला व्हा, बाजूला व्हा" मराठीतून. एक चिमुरडी घाबरून रडायला लागली तर त्यांनी जावयाला दटावलं, "मान खाली घाल, हळू हात हलव." जावयाला! सगळ्यांदेखत. आणि त्याने ऐकलं हो निमूट.

आता खरी बातमी. गेले आठ दिवस त्यांच्याकडे शिलाई मशीनचा आवाज येतोय. त्या फौजेत साहेब लोक पण असतात, सिनेमातल्या त्या एम्पायरचे ऑफिसर. त्यांना प्लॅस्टिक नको, नुसता कापडी युनिफॉर्म, करडा-हिरवा, छातीवर रंगीत चौकोनांची पट्टी, वर टोपी. अठराच्या वर कुणालाही चालतं, आणि वरची मर्यादाच नाही. मी विचारलं, "लेकीसाठी शिवताय का?" तर नुसत्या हसल्या. काल बघते तर आरशासमोर, हनुवटी वर, हात पाठीमागे. बूट मागवलेत, पाच नंबरचे. लेकीचा पाय सात आहे.

आणि ऐका ना, पाठीमागून हूक लावायला मलाच बोलावलंय रविवारी. मी म्हटलं येते, पण आधी ती टोपी मला घालून बघू दे.