ताण कमी होऊ नये म्हणून घ्यावयाची काळजी

ही मार्गदर्शिका आदिलाबाद जिल्ह्यातल्या एडीएचडी असलेल्या प्रौढांसाठी आहे. या मंडळींचं लक्ष कमी नसतं, उलट जरा जास्तच असतं. फक्त ते हवं तिथे टिकत नाही आणि नको तिथून हलत नाही. प्रौढांमध्ये शंभरात दोन-तीन जण असे असतात, असं जगभरचे अभ्यास सांगतात. २०११च्या जनगणनेनुसार आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांवर होती. त्यावरून हिशेब मांडला तर नुसत्या आपल्या जिल्ह्यात हा समाज दहा हजारांच्या घरात जातो. एवढ्या मोठ्या समाजाची संघटना अजून का नाही, हे विचारू नये. स्थापनेच्या बैठकीची तारीख सगळ्यांना आठवेल, पण दुसऱ्या दिवशी.

बाकीच्या मार्गदर्शिका ताण कमी कसा करावा ते शिकवतात. आमचा त्याला तात्त्विक विरोध आहे. तुमची गाडी ताणावरच चालते. ‘शेवटची तारीख उद्या’ असं कळल्यावर जे हात सपासप चालायला लागतात, ते महिनाभर आधी का चालत नाहीत, याचं उत्तर घरच्यांनी ‘आळस’ या एका शब्दात देऊन ठेवलं आहे. शास्त्राचं उत्तर जरा लांबलचक आहे: या मेंदूला लांबच्या फायद्याची किंमत फार कमी वाटते, समोरच्या आगीची मात्र बरोबर कळते. तेव्हा आग विझू देऊ नये.

नियम पहिला. मोटरसायकलची चावी ठरलेल्या जागी ठेवू नये. बाहेरून आल्यावर एका हातात दुधाची पिशवी आणि दुसऱ्या हातात चावी असेल, तर दोन्ही फ्रिजमध्ये ठेवाव्यात. दुसऱ्या दिवशी शोध घेताना आधी कालची पँट, मग परवाची पँट, मग गादीखाली, असा क्रम पाळावा. आई ‘देवघरात बघ’ म्हणेल, तिथेही बघावं. देवघराच्या फडताळात गेल्या वर्षी हरवलेलं पट्टादार पासबुक सापडतं. ते तिथेच उभ्या उभ्या वाचायला घ्यावं. सर्व्हे नंबर, आजोबांचं चुकलेलं नाव, एकराखालचे गुंठे, सगळं मन लावून. चावी शोधत होतो हे आठवेपर्यंत ती छान गार होते.

नियम दुसरा. घरात कॅलेंडरं दोन असावीत. इथल्या मराठी घरांत ती असतातच. स्वयंपाकघरात ‘कालनिर्णय’, जे १९७३पासून महाराष्ट्राच्या भिंती सांभाळतं आहे, आणि बाहेरच्या खोलीत किराणा दुकानाने दिलेलं तेलुगू. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी येत असल्याने दोन्ही कॅलेंडरांचं वर्षातून एकदा तरी जमतं. बाकी दिवस तुम्ही सांभाळा. वीजबिलाची तारीख एकावर लिहावी, मुलाच्या फीची दुसऱ्यावर. दोन्हींतलं जे दाराआड जातं, त्यावर सर्वांत महत्त्वाची लिहावी.

नियम तिसरा आणि चौथा एका पावतीच्या मागे लिहिले होते. पावती सापडली की कळवू.

नियम पाचवा कापसाचा आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण या जिल्ह्यात ताण पिकवायला याच्याइतकी काळीभोर जमीन दुसरी नाही. ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने पूर्ण पैसे देते. आठ ते बारापर्यंत कपात. बारावर गेला की कापूस परत. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये आणि त्याच हंगामात ‘कपास किसान’ नावाचं ॲप आलं. आधी नोंदणी, मग स्लॉट, मग कापूस.

पद्धत अशी. स्लॉट घ्यायचं पक्कं ठरवून मोबाइल हातात घ्यावा. ओटीपी येतो. तो येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात मेव्हण्याने पाठवलेला व्हिडिओ उघडावा. त्यात कुणीतरी ओलावा मोजायचं मीटर दाखवत असतं. कापूस जितका ओला तितकी वीज त्यातून सहज जाते आणि मीटर त्यावरच आकडा सांगतं. हे ऐकल्यावर तुम्ही थांबता कामा नये. पहाटेच्या दवाने आकडा किती चढतो, दुपारच्या उन्हात पसरून ठेवला तर किती उतरतो, गठ्ठ्याच्या पोटात आणि पाठीवर फरक का येतो, हे सगळं रात्री एकपर्यंत पाहावं. बायको मध्ये दोनदा ‘अहो, जेवताय ना?’ म्हणते. ‘हो, आलोच’ म्हणावं. सकाळी कापसाच्या ओलाव्यावर तासभर व्याख्यान देता येईल इतकी तुमची तयारी झालेली असते. कापूस घरात, स्लॉट दुसऱ्याला, ओटीपी कालचा.

आता गंमत बघा. हाच माणूस कसाबसा आदिलाबादच्या मार्केट यार्डात पोचला की त्याला कुणी ओळखणार नाही. पुढे ट्रॅक्टर अडलेला, मागचा हॉर्न वाजवतोय, बोली सुरू झालेली, काट्यावरचा पोरगा तेलुगूत ओरडतोय, समोरच्या गोंड म्हाताऱ्याला कळत नाहीये आणि बैलगाडीवाला हिंदीत शिव्या देतोय. आपला माणूस एका वाक्यात तीन भाषा फिरवून ट्रॅक्टर काढून देतो, म्हाताऱ्याची पावती वाचून दाखवतो, काट्याकडेही एक डोळा ठेवतो. तिथे त्याला कुणी चंचल म्हणत नाही. ‘अन्ना, उद्या पण या’ म्हणतात. उद्या तो येईलच असं नाही, ती गोष्ट वेगळी. पण यार्डातल्या गोंधळाला लागणारी बुद्धी आणि महिनाभर एका फॉर्मवर बसायला लागणारी बुद्धी या दोन वेगवेगळ्या चिजा आहेत. शाळेने आणि कचेरीने दुसरीलाच बुद्धी म्हणायचं ठरवलं, त्यावर आमची नाराजी इथे नोंदवून ठेवतो.

नियम सातवा: सल्ला भरपूर घ्यावा. ‘डायरी लिहीत जा’ हा सर्वांत उत्तम, कारण डायरी लिहायची आठवण कशाने ठेवायची हे सांगणारा अजून जन्माला आलेला नाही. जानेवारीची चार पानं भरलेल्या डायऱ्या प्रत्येक घरात निघतील. त्याखालोखाल ‘मनावर घेत नाहीस’ आणि ‘जरा लक्ष दे की’. चष्मा लागलेल्याला ‘जरा नीट बघ की’ म्हणण्यातलाच हा प्रकार. महिलांसाठी वेगळी सोय आहे. मुलगा बाकावर उड्या मारायचा म्हणून निदान मास्तरांच्या डोळ्यांत तरी यायचा. मुलगी गप्प बसून खिडकीबाहेर बघायची, म्हणून तिला ‘शांत’ म्हणून पुढच्या वर्गात ढकललं. आज ती अडतीस वर्षांची आहे. एका शेगडीवर दूध, दुसरीवर डाळ, हातात मुलाचा गृहपाठ, आणि आपण मुळातच वेंधळ्या आहोत अशी तिची पक्की समजूत.

यापुढचा भाग धोक्याच्या सूचनांचा आहे. खालील गोष्टी केल्यास ताण कमी झाल्याचे प्रकार घडलेले आहेत. जबाबदारी ज्याची त्याची.

एकट्याने काम न करणे. फॉर्म भरताना शेजारचे काका नुसते पेपर वाचत बाजूला बसले तरी फॉर्म पुरा होतो, असा अनुभव आहे. काकांनी फॉर्मकडे बघायचीही गरज नसते. याला इंग्रजीत भारदस्त नाव पडलं आहे, पण आपल्याकडे माणूस एकटा सापडणंच कठीण. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. त्याआधी गोंडांच्या मेस्राम कुळातली माणसं अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात. कुणाच्याही मोबाइलवर आठवण लावलेली नसते. सगळे निघतात, म्हणून प्रत्येक जण निघतो. लक्षात ठेवण्याचं काम एका डोक्यावर टाकायचं नाही, हे त्यांना आपल्या कितीतरी आधी उमजलेलं दिसतं.

डोक्यातलं डोळ्यांसमोर आणणे. बाहेरच्या दाराला खिळा ठोकून चावी, चष्मा आणि पासबुकाची पिशवी तिथेच अडकवली, तर सकाळचा निम्मा थरार जातो. कपाटात मात्र काही ठेवू नये. कपाट बंद झालं की आतली वस्तू जगातून गेली.

डॉक्टरकडे जाणे. ही सर्वांत धोकादायक. हा आजार मोबाइलने आणला, असं सांगून तुम्हाला परावृत्त करणारे भेटतील. त्यांना सांगा, अलेक्झांडर क्रायटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकणाऱ्या माणसांचं वर्णन १७९८ साली लिहून ठेवलंय. तेव्हा मोबाइल सोडा, आगपेटीही नव्हती. २०१३च्या अमेरिकन निकषांनुसार प्रौढाच्या बाबतीत बेध्यानपणाची किंवा चंचलपणाची नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात आणि त्यातली काही बारा वर्षांच्या आतच दिसलेली असावी लागतात. म्हणून चौथीचं प्रगतिपुस्तक सोबत न्यावं. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा बाईंचा शेरा तिथे सोन्याच्या भावाने जातो. प्रगतिपुस्तक हरवलं असेल तर तेही सांगावं, निदानाला मदतच होईल. झोप, थायरॉइड, नैराश्य यांनीही असाच घोळ होतो, म्हणून डॉक्टर आधी ते तपासतात.

औषधांतलं जुनं नाव मिथाइलफेनिडेट. लिआंद्रो पॅनिझन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४४ साली बनवलं आणि बायको रीटा हिच्या नावावरून त्याचं रिटालिन झालं. लग्नाचा वाढदिवस विसरणाऱ्यांच्या उपयोगी पडणाऱ्या औषधाला बायकोचं नाव असावं, हा योग दुर्मीळ. आपल्याकडे ते एनडीपीएस कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मेव्हण्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊन बघण्याचा तर विचारही करू नये.

आदिलाबाद गावात रिम्स हे सरकारी इस्पितळ २००८पासून आहे. तिथवर जाण्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे.

भेटीची तारीख मिळाली की ती स्वतःकडे ठेवू नये, घरातल्या वहिनींना सांगावी. त्या दहाची वेळ नऊ सांगतील. वाटेत फाटक पडतं, तुम्ही चावी शोधता, एवढा हिशेब त्यांनी मनात धरलेला असतो. खरी वेळ कोणती, हे त्यांना विचारू नये.